केळीची दोन एकरं आणि पुण्याच्या कॉलेजचं नाव

ताई, नमस्कार. मी रावेर तालुक्यातला, ओबीसी, वय 22. जळगावला सरकारी पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, 82 टक्के पडले. दोन वर्षांपासून जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. हातात 18 हजार येतात. काम कंपनीचं, पण रोल ठेकेदाराचा. साहेब म्हणतात, दिवाळीनंतर कंपनीच्या पेरोलवर घेऊ. पुण्याचे मामा म्हणतात, डिप्लोमावर जन्मभर पाना फिरवत बसशील. इथल्या नावाजलेल्या खासगी कॉलेजात डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला मॅनेजमेंट कोट्यातून सीट मिळतेय, घेऊन टाक. तीन वर्षांची फी, होस्टेल, मेस मिळून 9 लाख. वरून 2 लाख वेगळे, त्यांची पावती नाही. वडील दोन एकर केळीचं वावर गहाण टाकायला तयार आहेत. आई काहीच बोलत नाही. मित्रांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, कॉलेज कोणी विचारत नाही, अनुभव विचारतात. दुसरा म्हणतो, नावाशिवाय आत कोणी घेतच नाही. खरं काय?
– एक वाचक, रावेर तालुका

अरे बाबा, तू विचारलंस दोन गोष्टींबद्दल, पण पत्रात आहेत तीन. कॉलेजचं नाव आणि अनुभव यांच्यामध्ये डिग्री लपून बसली आहे. ‘पाना फिरवत बसशील’ ही मामांची भीती डिग्री नसण्याची आहे, आणि त्यावर ते औषध सांगताहेत नावाचं. दोन्ही एकाच पुडीत बांधून दिलं की पुडीचा भाव 11 लाख वाटायला लागतो. नुसती डिग्री त्याच्या कितीतरी कमी पैशांत मिळते, आणि तुला ती मिळवायची आहेच. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती त्या नावाबद्दल.

मी भरतीच्या टेबलापलीकडे बसून नोकरीची बरीच वर्षं काढली, तीही आपल्याच भागात. पाइप, ठिबकच्या नळ्या, चटई, डाळमिलची मशिनरी, असल्या कारखान्यांत. त्यातली एक मुलाखत सांगते, कारण तुझा सगळा प्रश्न त्या एका दुपारी माझ्यासमोर मांडला गेला होता.

पीव्हीसी पाइपच्या लाइनसाठी मेंटेनन्सची माणसं घ्यायची होती. प्लांट हेडचा एक ठरलेला प्रश्न असायचा: रात्रपाळी आहे, एक्स्ट्रुडर (प्लास्टिक वितळवून पाइप काढणारं मशीन) चालू आहे, लाइट गेली, अर्धा-पाऊण तास येणार नाही असं कळलं, काय करशील? पहिला मुलगा पुण्याच्या एका चांगल्या कॉलेजचा, बी.ई. बोलण्यात सफाई. म्हणाला, आधी बिघाडाचं कारण शोधीन, जनरेटर बघीन, शिफ्ट इनचार्जला कळवीन. यातलं काहीच चूक नव्हतं. नंतर आला शिरपूरकडचा डिप्लोमावाला. तुझ्यासारखाच दोन वर्षं कुठल्या तरी लहान युनिटमध्ये राबलेला, शर्टाच्या बाहीवर ग्रीसचा न गेलेला डाग. त्यानं उत्तर द्यायच्या आधी उलट विचारलं, “सर, लाइनवर पीव्हीसी आहे का एचडीपीई?”

प्लांट हेडनं हातातलं पेन खाली ठेवलं. तू त्याच कामात आहेस, तेव्हा का ते तुला सांगायला नको. इतर वाचकांसाठी सांगते: पीव्हीसी आणि एचडीपीई ही पाइपची दोन वेगळी प्लास्टिकं. एचडीपीई बॅरलमध्ये, म्हणजे मशीनच्या तापत्या नळकांड्यात, अडकून राहिलं तर पुन्हा तापवून बाहेर काढता येतं. पीव्हीसी मात्र तापल्या बॅरलमध्ये नुसतं पडून राहिलं की करपतं, काळं पडतं, डोळ्यांना झोंबणारा हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतं. मग स्क्रू ओढून काढा, डाय उघडा आणि पितळी पट्टीनं खरवडत बसा, गेली पाळी. त्या पोरानं डाय गरम आहे तोवरच उघडायची, किती माणसं लागतील, कोणते बोल्ट आधी सैल करायचे, सगळं सांगितलं. बोलताना हातही तसेच हलत होते.

दोघांनाही घेतलं. पण बी.ई. झालेला जीईटी (ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी) म्हणून लागला, डिप्लोमावाला डीईटी (डिप्लोमा इंजिनिअर ट्रेनी) म्हणून, एक ग्रेड खाली आणि कमी पगारावर. आता नीट बघ: त्या खोलीत कॉलेजचं नाव शेवटपर्यंत कोणी काढलं नाही. प्लांट हेडला दुसरा पोरगा जास्त आवडला होता, हे त्यानं मला तोंडानं सांगितलं. तरी त्याचे हात बांधलेले, कारण कंपनीच्या कागदात डिग्रीला एक ग्रेड आणि डिप्लोमाला दुसरी असं छापलेलं होतं. डिग्री पुण्याची असती, जळगावची असती नाहीतर धुळ्याची असती, ग्रेड तीच मिळाली असती. आणि हा फरक पुढे वाढत जातो. डिप्लोमावाला कामानं वर येतो, पण कुठेतरी असिस्टंट मॅनेजरच्या आसपास त्याच्यासाठी दार लावलेलं असतं, आणि त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं त्याच्या पुढे निघून जातात. हे मी बघितलंय आणि ते बघायला बरं वाटत नाही. म्हणून मामांच्या भीतीला मी हसणार नाही.

आता नावाकडे वळू. नावाचं काम चालतं ते त्या खोलीच्या बाहेर, पोरगा आत येण्याआधी. एका जागेला शेकड्यानं अर्ज येतात. ते सगळे कोणी वाचत नाही. कुठेतरी चाळणी लावावीच लागते आणि कॉलेजचं नाव ही सगळ्यांत स्वस्त चाळणी. मोठ्या कंपन्या तर जीईटी घ्यायला ठरावीक कॉलेजांतच जातात. यादीत नसलेल्या कॉलेजचा पोरगा कितीही हुशार असला तरी त्या दिवशी त्या हॉलमध्ये तो नसतोच. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञानं 1973 मध्ये हेच सूत्ररूपानं मांडलं होतं, पुढे 2001 चं नोबेल मिळालेल्यांत तो होता. माणूस कामाला कसा आहे हे मालकाला बाहेरून दिसत नाही, म्हणून तो मिळवायला अवघड असलेल्या खुणेवर विसंबतो, असं त्याचं म्हणणं. खुणेची किंमत तेवढीच. एकदा काम दिसायला लागलं की तिची गरज उरत नाही. अल्टोन्जी आणि पिएरे या दोघांनी 2001 मध्ये अमेरिकेतल्या पगारांचे आकडे तपासले तर तेच निघालं: नोकरीतली वर्षं वाढतात तसं पगारावर शिक्षणाच्या शिक्क्याचं वजन कमी होतं आणि माणसाच्या खऱ्या कुवतीचं वाढतं.

म्हणजे तुझा पहिला मित्र बरोबर? थांब. अजून एक अभ्यास आहे, आणि तो मी टाळला तर तुझ्याशी लबाडी होईल. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांचा, 2002 चा, तोही अमेरिकेतला. ज्या मुलांना बड्या कॉलेजात प्रवेश मिळत होता पण जी साध्या कॉलेजात गेली, त्यांची तुलना त्यांनी बड्या कॉलेजात गेलेल्या तशाच मुलांशी केली. पुढच्या कमाईत जवळजवळ फरक नव्हता. म्हणजे कमाई पोराच्या कुवतीमुळे होत होती, श्रेय मात्र कॉलेजला जात होतं. पण त्यांनाच एक अपवाद सापडला: गरीब घरांतल्या मुलांना बड्या कॉलेजचा फायदा खरोखर झाला. पुढच्या अभ्यासात ज्यांचे आईवडील फारसे शिकलेले नव्हते त्यांच्याबाबतीतही तेच दिसलं.

हे मामांच्या बाजूचं आहे. आणि का होत असेल ते आपल्याला कळायला अवघड नाही. वकिलाच्या पोराला वडिलांचा मित्र इंटर्नशिप देतो. कारखानदाराच्या पोराला कोणत्या कंपनीत काय चालतं ते जेवताना ऐकू येतं. केळीवाल्याच्या पोराला तसं कोणी नाही. त्याला ती माणसं कॉलेजातच मिळतात. सीनियर, त्याचा रूम पार्टनर, त्याच कॉलेजातून निघून चाकणला मॅनेजर झालेला कोणीतरी. ज्याच्या घरून फोन जात नाही त्याला नाव जास्त उपयोगी पडतं. मला हे पटतं.

पण त्या अभ्यासातली पोरं मार्कांवर आणि कामगिरीवर निवडली गेली होती. त्या कॉलेजांचं नाव बाजारात चालत होतं कारण आत जाणं अवघड होतं. तुला जे नाव विकलं जातंय त्याचं तसं आहे का? पुण्याचं सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेज 1854 सालचं, मुंबईचं व्हीजेटीआय 1887 चं. त्यांची नावं भरतीवाल्यांना पाठ असतात, कारण तिथे वरच्या मार्कांशिवाय आत जाता येत नाही हे त्यांनाही ठाऊक असतं. या नावांना मी मान देते. पण पुण्याच्या रस्त्यावरून फिरणाऱ्या पिवळ्या बसवर लिहिलेलं प्रत्येक नाव त्या जातीचं नसतं. ज्या कॉलेजची सीट 2 लाख बिनपावतीचे देऊन मिळते, तिथे अशा सीटा मिळतात हे तुझ्या मामांना कळतं तर कंपन्यांच्या एचआरला कळत नसेल?

पत्रात कॉलेजचं नाव तू दिलंस, मी ते छापलं नाही. ते तपासायचं कसं, ते सांगते. मामांच्या ऐकीव माहितीपेक्षा पक्कं आहे. केंद्र सरकारची कॉलेजांची एनआयआरएफ क्रमवारी 2016 पासून निघते. क्रमांक सोड, त्यात फार अडकू नको. त्यासाठी कॉलेजनं भरलेली माहिती पीडीएफमध्ये सगळ्यांना बघायला असते. किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांचा मध्यावरचा पगार किती, हे त्यात वर्षावार असतं. लॅटरल एंट्रीनं, म्हणजे तुझ्यासारखी थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं किती, तेही असतं. बॅनरवर झळकतो तो एका पोराचा सर्वांत मोठा पॅकेज, आणि तो बहुतेक कॉम्प्युटरचा असतो. तुला बघायचाय मधल्या पोराचा पगार. आणि शक्य झालं तर गेल्या दोन वर्षांत तिथून मेकॅनिकल करून बाहेर पडलेली दोन पोरं शोधून त्यांना फोन लाव. आपल्याकडची पोरं पुण्यात कोथरूडपासून चाकणपर्यंत पसरली आहेत, चार फोनांत कोणी ना कोणी सापडेल. त्यांना ‘कॉलेज कसं आहे’ विचारू नको, ‘तू आता कुठे आहेस आणि तिथे कसा लागलास’ विचार.

सगळ्याच वाटांवर नावाचं वजन सारखं नसतं, हेही जाता जाता. एमपीएससीला कुठलीही मान्य डिग्री चालते. रेल्वेच्या ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेला डिप्लोमाही चालतो, आणि भुसावळ तुझ्या घरापासून हाकेवर आहे. गेट या इंजिनिअरांच्या देशपातळीवरच्या परीक्षेचा स्कोअर तीन वर्षं चालतो आणि त्यावर सरकारी कंपन्या माणसं घेतात; पेपर तपासणाऱ्याला तुझं कॉलेज ठाऊक नसतं. सीएच्या मार्गात तर आर्टिकलशिप म्हणजे अनुभवच अभ्यासक्रमात बसवलेला आहे, पूर्वी तीन वर्षं होती, आता दोन. उलट एमबीए करून कन्सल्टिंग किंवा मोठ्या बँकेत जायचं असेल तर नावाशिवाय कोणी दारात उभं करत नाही, तिथे नावासाठी झगडणं शहाणपणाचं. तू या वाटेवर नाहीस. तू कारखान्याच्या वाटेवर आहेस, आणि तिथे दोन-तीन नोकऱ्यांनंतर बायोडेटावरचं कॉलेज शेवटच्या ओळीत जातं.

आता तुझ्या अनुभवाकडे, कारण त्यावर तुला वाटतो तेवढा विसंबू नको. दोन वर्षं काम कंपनीत केलंस, पण कागदावर तू ठेकेदाराचा माणूस आहेस. उद्या दुसरीकडे मुलाखतीला गेलास तर अनुभवाचं पत्र ठेकेदाराच्या लेटरहेडवर मिळेल, मिळालं तर. पीएफच्या यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) पासबुकात मालक म्हणून त्याचंच नाव दिसेल. भरतीवाले हल्ली ते पासबुक बघतात, मी बघायची. म्हणजे अनुभवालाही नाव असतं, आणि तुझ्या अनुभवावर सध्या चुकीचं नाव आहे. पीएफ कापला जातोय ना, आणि भरलाही जातोय ना, हे आज घरी गेल्यावर मोबाइलवर बघ. पगाराच्या स्लिपा मिळत नसतील तर मागून घे. साहेब चांगले असतील, त्यांचा हेतूही चांगला असेल, पण ‘दिवाळीनंतर’ हा शब्द एमआयडीसीत फार जुना आहे. कोणत्या दिवाळीनंतर, कोणत्या हुद्द्यावर, किती पगारावर, हे त्यांना ईमेलवर विचार. लाजू नको, तू हक्काचं विचारतोयस.

आणि एक वही कर. मशीन कोणतं, काय बिघडलं, का बिघडलं, काय केलं, लाइन किती वेळ बंद राहिली. तारखेसकट. हीटर बँड जळाला, थर्मोकपल चुकीचं तापमान दाखवत होतं, व्हॅक्यूम टँकचा पंप हवा धरत होता, काहीही. मेंटेनन्सची पोरं हे सगळं डोक्यात ठेवतात आणि मुलाखतीत ‘ब्रेकडाउन अटेंड केले’ एवढं एक वाक्य बोलून गप्प बसतात. त्या शिरपूरच्या पोराला निवडलं ते त्याच्या एका उलट प्रश्नासाठी. तुझ्या पोतडीत असे पन्नास असतील, पण लिहिले नाहीत तर तुलाही आठवणार नाहीत. नुसती वर्षं मोजणारे अनुभवी लोक मी पुष्कळ बघितले. बारा वर्षं त्याच लाइनवर, आणि गिअरबॉक्सचं तेल कधी आणि का बदलतात विचारलं तर ‘कंपनीचा माणूस येतो’ हे उत्तर. तसा अनुभव कोणी विकत घेत नाही.

आता पैशांचं. 9 आणि 2 मिळून 11 लाख तू लिहिलेस. तीन वर्षं नोकरी सुटणार, म्हणजे 18 हजारांप्रमाणे 6 लाख 48 हजारही गेले. साडेसतरा लाख झाले, व्याज वेगळं. आणि हे फेडायचं कशातून? केळीतून. तुला मी काय सांगू, तू तिथलाच आहेस. केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडची लागवड) धरली काय, कांदेबाग (पावसाळ्यानंतरची) धरली काय, मे-जूनचं वादळ एका संध्याकाळी उभा बाग आडवा करतं. त्यातून वाचलं तर सीएमव्ही, केळीवरचा विषाणूरोग. त्यातूनही वाचलं तर घड कापायच्या आठवड्यात बऱ्हाणपूरच्या केळीबाजाराचे भाव. ज्या घरात सध्या एकच ठरावीक रक्कम महिन्याला येते, ती तुझी, तीच बंद करून वर जमिनीवर बोजा चढवायचा, हे गणित वडिलांनी मायेपोटी केलं आहे. त्यांच्या मायेला नमस्कार, पण गणित चुकतंय.

त्या 2 लाखांबद्दल वेगळं सांगते. फीच्या वर असे पैसे घेणं महाराष्ट्रात 1987 च्या कॅपिटेशन फी प्रतिबंध कायद्यानं गुन्हा आहे. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, आणि संस्थेच्या कोट्यातल्या जागाही गुणवत्तेनंच भरायच्या असतात. सीट मिळवून देणारा एजंट म्हणेल, ‘सगळेच देतात.’ देत असतील. पण उद्या सीट मिळाली नाही किंवा तू सहा महिन्यांत परत आलास, तर बिनपावतीचा पैसा कोणाच्या नावानं मागणार? आणि जी गोष्ट एजंट सांगत नाही ती ही: सरकारच्या फी-सवलतीच्या योजना कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतलेल्यांना मिळतात. मॅनेजमेंट कोट्यात गेलास की त्यांवर पाणी सोडलंस. तू ओबीसी असल्याचं पत्रात आहे आणि घरचं उत्पन्न मर्यादेत बसतं, म्हणजे हा तोटा लहान नाही. कर्ज लागलंच तर वावर गहाण टाकायची पाळी येऊ नये म्हणून 7.5 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी केंद्राची पत हमी योजना आहे. बँकेत तिचं नाव घेऊन विचार. बँकवाले आपणहून सांगत नाहीत, सातबारा मागणं त्यांना सोपं वाटतं.

मग करायचं काय? थेट दुसऱ्या वर्षाच्या कॅपचा फॉर्म भर. सीईटी द्यायची नाही, डिप्लोमाच्या मार्कांवर यादी लागते. 82 टक्क्यांवर सीओईपी मिळेल या भरवशावर राहू नको, पण पहिल्या पसंतीत टाकायला पैसे लागत नाहीत. त्याखाली राज्यातली सरकारी कॉलेजं, त्यात जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आलंच. गेल्या तीन वर्षांचे कटऑफ राज्याच्या सीईटी सेलच्या (प्रवेश बघणारं सरकारी कार्यालय) संकेतस्थळावर आहेत, एका रविवारी बसून तुझ्या प्रवर्गाचे उतरवून काढ. सरकारी कॉलेज कुठलंही मिळालं, पुण्याचं असो की जळगावचं, तर नोकरी सोड आणि जा. हे मी अनुभवाचा एवढा गुणगौरव करूनही म्हणते आहे. दोन वर्षांचा हात तुझा कुठे जात नाही. डिग्रीच्या वर्गात थिअरी ऐकताना तुला डोळ्यांसमोर मशीन दिसेल, शेजारच्याला फक्त फळा दिसेल. शेवटच्या वर्षाच्या मुलाखतीत तू त्या दोन पोरांपैकी दोन्ही असशील.

सरकारी मिळालं नाही आणि खासगीच आलं, तर कॅपमधून येणारं, सवलत लागू होणारं आणि शक्यतो घरून जाऊन-येऊन करता येणारं घे. इथे पुण्याचा हट्ट नको. त्यालाही मन तयार नसेल तर तिसरी वाट: एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं 2023-24 पासून नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत चालणारे डिग्रीचे वर्ग सुरू केले आहेत. किमान एक वर्षाचा अनुभव लागतो आणि नोकरीचं ठिकाण कॉलेजपासून ठरावीक अंतरात असावं लागतं. जळगावच्या आसपास कोणाला मंजुरी आहे ते चौकशी करून बघ. यात मालकाचं पत्र लागतं, म्हणजे पेरोलचा प्रश्न पुन्हा आडवा येतो. म्हणून तो आधी मिटव. शिफ्ट करून डिग्री करणं सोपं नाही. झोपेचे हाल होतात, आणि पहिल्या परीक्षेनंतर निम्मे जण वर्गात दिसेनासे होतात, असं शिकवणारे सांगतात. पण पगार चालू राहतो आणि वावर मोकळं राहतं.

दोन वाटांपासून मात्र लांब राहा. कोणी जुने काका ‘एएमआयई कर, घरबसल्या इंजिनिअर होशील’ म्हणतील. एएमआयई म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा. त्यांच्या काळी ते खरं होतं, पण 31 मे 2013 नंतर नोंदणी केलेल्यांना ती बी.ई.च्या बरोबरीची मानत नाहीत. आणि पत्रव्यवहारानं इंजिनिअरिंगची डिग्री देणारा कोणी भेटला तर चहा पिऊन घरी ये. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2017 मध्ये एआयसीटीईच्या मंजुरीशिवायच्या अशा डिग्र्यांवर काट मारली आहे.

मामांना दुखवू नको. त्यांनी पुण्यात नावामुळे पुढे गेलेली माणसं बघितली आहेत, आणि भाचा मागे राहू नये असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांच्याकडून दुसरी मदत माग, जी त्यांना देता येईल आणि ज्याला पैसे लागत नाहीत: पुण्यातल्या त्यांच्या ओळखीच्या एखाद्या कारखान्यात उन्हाळी ट्रेनिंग, एखाद्या मेंटेनन्स मॅनेजरचा नंबर, मुलाखतीला गेल्यावर चार दिवस राहायला जागा. कॉलेजच्या नावातून जे मिळायचं त्यातलं निम्मं हेच असतं. आणि आईला एकदा एकटीला गाठून विचार. ज्या बाईनं वर्षानुवर्षं केळीच्या पैशावर घर चालवलं तिच्या गप्प बसण्यात हिशोब असेल असं मला वाटतं.

कॅपच्या कागदांत जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेयर दोन्ही लागतील. नॉन-क्रिमिलेयरची मुदत 31 मार्चला संपते, डिप्लोमाच्या वेळचं आता चालणार नाही. उत्पन्नाचा दाखलाही नवा लागेल. निकाल लागले की रावेरच्या सेतूत पाय ठेवायला जागा नसते आणि सर्व्हर दुपारी बारानंतर बसतो, तेव्हा या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी वडिलांचे कागद घेऊन सकाळीच जा.